लाईन आणि आत्याचं जवस

समस्त गावकरी मंडळी, पाहुणेमंडळी, आणि ज्यांनी चपला मांडवाबाहेर सोडून जीव मात्र त्या चपलांतच ठेवला आहे अशा सर्वांना कळवण्यात येते की, इंग्रजी भाषेतला एक अत्यंत गरजेचा शब्द आमच्या आत्याच्या शेतात उगवतो. गेल्या वर्षी तो उगवला नाही. यंदाही पेरायचा राहिला असता तर त्याचं बी कायमचं मोडलं असतं, आणि तिकडे इंग्लंडात कोणाला खबरसुद्धा लागली नसती. तरी सर्वांनी शांत बसून ऐकावे ही नम्र विनंती.

माफ करा, सवय आहे. पूर्णेजवळच्या एका गावच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो आणि लगीनसराईत आसपासच्या लग्नांत माईक धरतो. ‘वधूच्या मामांनी वधूला घेऊन बोहल्यावर यावे’ हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे, की जेवताना मीठ मागायचं झालं तरी माझा आवाज आपोआप गंभीर होतो.

तर शब्द कोणता, ते सांगतो. शब्द आहे लाईन.

सुरुवात आठवीच्या वर्गात झाली. ‘लाईन’ हा शब्द वाक्यात वापरा, असं मी सांगितलं होतं. सगळ्यांनी शहाण्यासारखं ‘ड्रॉ अ स्ट्रेट लाईन’ लिहिलं. एका मुलीनं लिहिलं, ‘देअर इज नो लाईन इन अवर व्हिलेज सिन्स मॉर्निंग.’ मी लाल पेनानं वाक्य खोडलं. तिनं हात वर केला.

“सर, चूक काय हाय?”

“लाईन म्हणजे रेघ. किंवा ओळ.”

“पण सर, सकाळपासून न्हाईच.”

मी वर पाहिलं. पंखा थांबलेला होता.

त्या मुलीला मी पूर्ण मार्क दिले, आणि त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मागे लागला. आमच्याकडे वीज येत नाही, लाईन येते. वीज फक्त आभाळात चमकते. रुळांच्या पलीकडे राहणारा माणूस लाईनीपलीकडे राहतो. रेशनला लाईन लागते आणि फोनची लाईन लागत नाही. पोरगं कामाधंद्याला लागलं की लाईनला लागलं, आणि एखाद्यानं दारू सोडली की तो लाईनीवर आला. स्थळ बघायला आलेली माणसं पाणी पिऊन व्हायच्या आत विचारतात, “मुलगा कोणत्या लाईनमधी हाय?” माझ्या कॉलेजच्या दिवसांत परभणीच्या बसस्टँडवर आम्ही या शब्दाचा आणखी एक उपयोग करत असू. तो इथे सांगत नाही. ज्यांच्या बाबतीत मी तो केला, त्या आता माझ्याच घरात राहतात आणि हे वाचणार आहेत.

माझा आतेभाऊ, त्याला मी दादा म्हणतो, तर वीज खात्यात लाईनमन आहे. सकाळी उठून तो लाईनीवर जातो, लाईन तपासतो, लाईन जोडतो, आणि संध्याकाळी घरी येऊन विचारतो, “लाईन हाय का?” एका माणसाचा अख्खा संसार एका शब्दावर चालू शकतो, याचं त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आमच्या स्टाफरूममध्ये एक जाडजूड इंग्रजी कोश आहे. वाऱ्यानं आपटणारं दार धरून ठेवणं हे त्याचं एरवीचं काम. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला त्या कामातून मोकळं केलं आणि ‘लाईन’ काढून बसलो. दार दोनदा आपटलं, मुख्याध्यापकांनी दोनदा डोकावून पाहिलं, पण मी हललो नाही.

शब्द लॅटिनमधून आलेला. तिथं एका झाडाचं नाव ‘लिनम’. त्याच्या सुताची जी दोरी, ती ‘लिनिया’. दोरी ताणली की सरळ रेघ होते, म्हणून पुढे त्या रेघेलाच लाईन म्हणू लागले. मग रेघेत उभ्या राहिलेल्या माणसांना, रुळांना, तारेला, घराण्याला, धंद्याला, ज्याला ज्याला म्हणून टोकापासून टोकापर्यंत जायचं होतं त्या प्रत्येकाला ते नाव मिळत गेलं. लिननचं कापड त्याच झाडाचं. कोटाला आतून जे लायनिंग लावतात तेही त्याच घरातलं, कारण पूर्वी आतून लिननच लावत असत.

आपल्या लोकांनी तरी वेगळं काय केलं? गवंडी भिंतीला सूत लावतो, आणि गुणी पोर सुतासारखं सरळ असतं. सुतार हा मुळात सूत्रधार, म्हणजे सूत धरणारा. नाटकातला सूत्रधार तोच. म्हणजे मांडवात माईक धरणारा मी आणि आमच्या गावचा सुतार, दोघं एकाच घराण्यातले निघालो. मी मोठ्या आनंदानं जाऊन हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, “बरं झालं. मंग जरा ही फळी धरा.”

पण खरी गंमत कोशातल्या चित्रात होती. ‘लिनम’ शब्दापाशी एक बारीकसं चित्र होतं. सडपातळ दांडा, सुईसारखी पानं, पाच पाकळ्यांचं फूल. चित्र काळं-पांढरं असूनही मला ते फूल निळंच दिसलं, कारण ते झाड माझ्या ओळखीचं होतं. ते आत्याचं जवस होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली. गाव येलदरीच्या बाजूला. तिच्या शेतात रब्बीला हरभरा असो नाहीतर करडी, दरवर्षी त्यात दोन तासं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, जवसाची असत. ही दोन तासं बायकांची. ती किती पिकली आणि त्यांचं काय झालं, हे पुरुषांनी विचारायचं नाही असा रिवाज. त्यातून बाळंतिणीचे लाडू निघत, वर्षभराची चटणी निघे, आणि पुढच्या वर्षाचं बी निघे. हे बी आत्याला तिच्या सासूनं दिलेलं, आणि सासूला तिच्या सासूनं. राखेत कालवून गाडग्यात भरलेलं आणि तोंडाला फडकं बांधून उतरंडीत ठेवलेलं ते गाडगं मी लहानपणापासून बघत आलो आहे. त्याला हात लावल्याबद्दल एकदा मारही खाल्ला आहे.

वडील गेल्यापासून भाऊबीजेला त्यांच्या जागी मी जातो. आत्या मला ओवाळते, मी तिला लुगडं देतो, आणि निघताना ती माझ्यापुढं जवसाच्या चटणीची बरणी ठेवते. भाजलेलं जवस, लसूण, तिखट, मीठ, उखळात कुटलेलं. गरम भाकरीवर ती चटणी आणि वर तेलाची धार घेतली, की परभणीच्या कोणत्याही हॉटेलाचं मेनूकार्ड मला वाचावंसं वाटत नाही.

यंदा मी कोश वाचला आणि दहाव्या दिवशी भाऊबीज आली. इंग्रजीचं एवढं मोठं गुपित पोटात घेऊन मी आत्याकडे गेलो. ओवाळणं झालं. फराळ झाला. आत्यानं बरणी आणून पुढे ठेवली. बरणी घासून पुसून लख्ख होती, आणि रिकामी होती.

“आत्या, चटणी?”

“बरनी बघ की कशी चकचकीत हाय. घिऊन जा.”

“पण आत चटणी न्हाई.”

“पेरलंच न्हाई तर आत काय यील, मास्तर? इचार तुझ्या दादाला.”

दादा समोरच बाजेवर बसून शेंगा फोडत होता. आत्याचं बोलणं माझ्याशी चाललेलं होतं, पण पत्ता त्याचा होता.

गोष्ट अशी होती. गेल्या वर्षी ऐन पेरणीत आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि जवस राहून गेलं. गाडग्यातलं बी त्यामुळे दोन वर्षांचं झालं होतं. जवसाचं बी तिसऱ्या वर्षी रुसतं, मग कितीही मनवा, उगवत नाही. यंदा पेरलं नाही तर सासूच्या सासूपासून चालत आलेलं ते बी संपलं. आणि दोन दिवसांवर पेरणी येऊन ठेपली असताना दादानं सांगून टाकलं होतं, की यंदा रानात फक्त हरभरा.

“का रे दादा?” मी विचारलं.

“हे बघ गुरुजी, हरभरा हार्वेस्टरनं काढायचा. मधी जवस आलं की दोन्हीचा काला व्हतो. वर तणनाशक मारलं की हरभरा ऱ्हातो आन् जवस जळतं. कशाला त्या बियाचे हाल? बाजारात किलोनं मिळतंय.”

“बाजारातलं खायचं असतं,” आत्या भिंतीकडे बघून म्हणाली. “पेरायचं नसतं.”

दादाचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच अडचण होती. खोट्या म्हणण्याला मी सहज हाणलं असतं. आता मला माझं ठेवणीतलं अस्त्र काढावं लागलं. मी उठून उभा राहिलो, पाण्याचा पेला माईकसारखा तोंडापुढे धरला आणि जाहीर केलं की, समोर बाजेवर बसलेल्या लाईनमन महाशयांना कळवण्यात येते, आपण ज्या लाईनीवर चढता, ज्या लाईनीचा पगार घेता आणि ज्या लाईनीपायी आपणास घरात कोणी ओरडू शकत नाही, ती लाईन मुळात जवसाच्या दांड्यातून निघालेली आहे. सबब जवसास रानात मज्जाव करणे म्हणजे आपल्या खात्याच्या आईला घराबाहेर काढणे होय.

दादानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले.

“झालं?”

“झालं.”

“मंग आता त्या कोशावर एकदा हार्वेस्टर घालून बघ.”

आत्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की दादाला गप्प करायला मी काहीबाही रचून सांगतोय असं तिला वाटत होतं, पण माझी धडपड तिला आवडली होती. मी पेला खाली ठेवला. कोश हरला होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी, म्हणजे दादाची बायको, हात पुसत बाहेर आली.

“अहो, ट्रॅक्टरवाल्याला मी सांगिटलंय. पेरणी यंत्राचे धुऱ्याकडचे, बांधालगतचे दोन नळे जवसाचे. हरभऱ्यापासून दोन हात सोडून. तितं हार्वेस्टर जात न्हाई का फवारा जात न्हाई.”

“कवा सांगिटलं?”

“तुमी खांबावर होता तवा.”

“मला इचारलं न्हाई ते?”

“तुमी दिवसभर खांबावर असता,” वहिनी म्हणाली. “आत्याबाईंचा अबोला हितं मला ऐकू येतो.”

आमच्याकडे सुना सासूला आत्याबाई म्हणतात. ‘आत्याबाई’ हा शब्द वहिनीच्या तोंडून इतक्या मायेनं निघालेला मी पहिल्यांदा ऐकला. दादानं शेंगांची टरफलं गोळा केली आणि गोठ्याकडे निघून गेला. शाळेला दिवाळीची सुट्टी होती. मी पेरणीपर्यंत मुक्काम ठोकला.

पेरणीच्या सकाळी ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर पन्नाशीचा, कानाला मफलर गुंडाळलेला, मोठा आत्मविश्वासाचा माणूस. मागे पेरणी यंत्र, खाली नऊ नळे, वर बियाची लांब पेटी. जवस आणि हरभऱ्याच्या मधलं एक तास रिकामं राहावं म्हणून त्यानं तिथला नळा चिंधीच्या बोळ्यानं बंद केला, मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पेटीत आडवा बसवला, आणि दोन नळ्यांपुरता कप्पा तयार करून म्हणाला, “टाका मावशी, हितं तुमचं जवस.”

आत्यानं गाडग्याचं फडकं सोडलं. राख पाखडून बी आदल्या दिवशीच साफ केलेलं होतं. तपकिरी, चपटं, इतकं गुळगुळीत की मूठ घट्ट धरली तरी बोटांतून वाट काढतं. ते ओतताना तिनं एकदाच सांगितलं.

“जवस पाण्यावानी सांडतं, बाबा. हळू.”

“मशीन हाय मावशी. दाणा मोजून टाकतंय.”

ट्रॅक्टर निघाला. मऊ काळ्या रानात नळे घुसले, मागे रेघा उमटत गेल्या. आम्ही चौघं धुऱ्यावर उभे राहून बघत होतो. पलीकडच्या टोकाला वळायच्या आधी ड्रायव्हर उतरला, पेटीचं झाकण उघडलं, आणि झाकण धरून तसाच उभा राहिला. लांबून त्याचं तोंड दिसत नव्हतं. मफलर मात्र त्यानं काढला.

हरभऱ्याची पेटी भरलेली होती. जवसाचा कप्पा रिकामा होता. हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्याला लावलेल्या त्या यंत्रातून जवस खरोखर पाण्यासारखं वाहून गेलं होतं. पहिल्या तीसेक पावलांतच सगळं बी पडून गेलेलं, मातीवर तपकिरी साय धरल्यासारखं चमकत होतं. पुढचं अख्खं तास कोरडं. एवढ्या दाटीत उगवून ते एकमेकांनाच खाणार, आणि पक्ष्यांना तर पंगतच मांडलेली.

मी दादाकडे पाहिलं. जवस नको म्हणणारा तोच, पण सगळ्यांत जास्त चेहरा त्याचा उतरला होता. तो गेला, उकिडवा बसला, आणि खांबावर चढणाऱ्या त्या जाड बोटांनी मातीतून एकेक दाणा वेचू लागला.

“ऊठ,” आत्या म्हणाली. “जवस कधी कुनी येचलंय का?”

“आई, बी संपलं.”

“कुनी सांगिटलं?” तिनं पदराची गाठ सोडली. आत दोन मुठी जवस होतं. “बी कवाच समदं एका टायमाला भाईर काडू नाई. माझ्या सासूनं सांगिटलंय. आता हे मी पेरते. सरता आन.”

सरता ही वस्तू आता नव्या पोरांना सांगावी लागते. बांबूची पोकळ नळी, वरच्या तोंडाला वाटीसारखं लाकडी चाडं. बैलांच्या तिफणीमागे, म्हणजे पेरणीच्या औतामागे, हा सरता दोरीनं बांधायचा, आणि बाईनं त्यामागून चालत चाड्यावर मूठ धरून दाणे सोडायचे. आत्याची मूठ सगळ्या गावात प्रसिद्ध होती. तिचं तास बघायला लोक येत, असं ती सांगते. खोटं असलं तरी मी ते खरं मानतो.

“सरता आन म्हनलं ना.”

दादा जागचा हलला नाही. वहिनीनं तोंडाला पदर लावला.

“लेका, सरता कुठं हाय?”

“गोठ्यात.”

“गोठ्यात कुठं?”

“भितीत.”

आम्ही सगळे गोठ्याशी गेलो. घरातून गोठ्यात दिव्याची तार नेताना दादाला भिंतीच्या भोकात घालायला नळी पाहिजे होती. दहा वर्षांपूर्वी त्यानं नीट बघूनच निवडली होती. आत्याचा सरता मातीच्या भिंतीत आडवा बसवलेला होता, आणि त्याच्या पोटातून लाईन गेलेली होती.

आत्या त्या भोकाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता दिवाळीतच शिमगा होणार. ती एवढंच म्हणाली, “काड.”

दादानं फ्यूज काढला. टेस्टर लावून पाहिलं. मग, गावात इतरांच्या घरी जसा देतो तसा, इथेही त्यानं “कोणी जवळ येऊ नका” असा इशारा दिला. स्वतःच्या हातानं जोडलेली लाईन स्वतःच्या हातानं तोडली, तार ओढून घेतली, आणि टिकावाच्या टोकानं माती उकरून सरता बाहेर काढला. त्यातून जाळी निघाली, पालीची दोन अंडी निघाली. फुंकर मारून दादानं तो डोळ्याला लावून पाहिला. आरपार उजेड दिसला. चाडं मात्र कधीच गेलं होतं. त्याच्या जागी दादानं पाण्याच्या बाटलीचं वरचं तोंड कापून उलटं बसवलं, भोवती आपली लाईनमनची काळी टेप गुंडाळली, आणि सरता आईच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

“बरा केलास,” ती म्हणाली. दादा लहान पोरासारखा लाल झाला. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे तो.

आता ड्रायव्हरची पाळी होती. नायलॉनच्या दोरीनं सरता यंत्राच्या टोकाला बांधला, पेटी बंद केली.

“बैलाच्या चालीनं हाक,” आत्यानं हुकूम केला.

“मावशी, ह्याला बैलाची चाल न्हाई.”

“शिकव मंग.”

ट्रॅक्टर सगळ्यांत खालच्या गिअरवर घुरघुरत निघाला. मागून आत्या. डाव्या हातात सरता, उजव्या मुठीत जवस. मशीनच्या नऊ नळ्यांना जे बी आवरलं नाही, ते तिच्या अंगठ्याखालून मोजकं, सारखं, थेंबाथेंबानं पडत होतं. दादा शेजारून तिचा दंड धरून चालत होता. वीस पावलांवर ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “सोड. तू धरलं की तास वाकडं जातंय.” त्यानं हात काढला, पण हातभर अंतर ठेवून शेवटपर्यंत चालला.

टोकाशी आल्यावर आत्याच्या तोंडून सवयीनं निघालं, “व्हो... व्हो.” आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. ड्रायव्हर वळून आमच्याकडे बघायला लागला.

“म्या का थांबलो?” त्यानं विचारलं.

त्याच्या बापाची बैलजोडी होती, हे नंतर चहा पिताना कळलं. डोक्यानं नाही, पायानं ऐकलं होतं. आत्यानं जाता जाता ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाली, “गुनाचं हाय.” हे ट्रॅक्टरला होतं की ड्रायव्हरला, यावर दोघांत आजही एकमत नाही. दोघांत म्हणजे दादा आणि ड्रायव्हर. ट्रॅक्टरला कोणी विचारलेलं नाही.

एकच तास झालं. दुसऱ्याला बी पुरलं नाही. आणि दोन वर्षांचं ते बी उगवेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मी रिकामी बरणी घेऊन पूर्णेकडे परत आलो. ती मी मुद्दाम टेबलावर ठेवली. वर्गात शिकवता शिकवता मला ते तास आठवायचं आणि मी वाक्य अर्धंच सोडायचो.

शाळा सुरू होऊन काही दिवस झाले असतील. मधल्या सुट्टीत दादाचा फोन आला. मागे वारा वाजत होता.

“गुरुजी, आलं.”

“काय, लाईन?”

“जवस, येड्या.”

मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल ते सांगितलं, तेव्हा गणिताचे सर म्हणाले, “चटणी आली की सांगा, चहाचं काय.”

संक्रांतीला मी मुद्दाम सकाळी लवकर रानात गेलो, कारण जवसाचं फूल सकाळीच उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गाळून मोकळं होतं. सांडलेल्या जागी दाट हिरवी सतरंजी झाली होती, अर्धी आडवी पडलेली, पण तीही फुललेली. आणि पुढे धुऱ्याच्या कडेनं टोकापर्यंत गेलेली आत्याची एक ओळ, कंबरेइतकी उंच, निळी. दादा टोकाशी एक डोळा मिटून उभा होता, खांबावरून तारेकडे बघतात तसा.

“आमी तारंला झोळ ठिवतो,” तो म्हणाला. “हिला त्योबी न्हाई.”

शिमग्याच्या सुमारास काढणी झाली. सांडलेल्या दाटीतलं जवस खायला आणि तासातलं बियाला, अशी वाटणी आत्यानं स्वतः केली. बडवून, पाखडून, राखेत कालवून गाडगं भरलं. माझी बरणी वहिनीनं भरली, आणि दाबून भरली. दिवाळीला जिथं शेंगा फोडल्या होत्या तिथंच आम्ही सगळे बसलो होतो, आणि माझ्या हातात जवसाच्या धाग्यांची एक लडी होती.

तिची गोष्ट अशी. काढणी झाल्याबरोबर मी दांड्यांची एक पेंढी हौदात कुजत घातली होती. कोशात तसंच लिहिलं होतं. आठवड्यानं जो वास सुटला, त्यापायी वहिनीनं मला फोन करून विचारलं, की भाऊजी, हे इंग्रजी कवा संपणार हाय. मी आलो, दांडे सोलायला बसलो आणि हातात आले तेवढ्यांचा लगदा केला. आत्या बघत होती. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे तंतू, काढून दोर वळण्यात तिचं आयुष्य गेलेलं. तिनं मला बाजूला सारलं, उरलेले दांडे वाळवले, दगडावर कुटले, झटकले, आणि तिच्या बोटांत रेशमासारखे पिवळसर धागे आले. आता माझ्या हातातल्या लडीतले धागे घेऊन, मांडीवर पीळ देऊन तिनं हातभर सूत केलं. ते ताणून धरलं. सरळ रेघ झाली.

मी काही जाहीर केलं नाही. गरज नव्हती. आत्याच त्या सुताकडे बघत म्हणाली, “म्हंजी तू दिवाळीला बोललास ते खरं व्हतं?”

“खरं होतं, आत्या.”

“मला वाटलं, दादाला गप करायला बोलतोस.”

“त्यासाठीपण बोलत होतो.”

तिनं त्या सुतानं गाडग्याचं तोंड बांधलं. दोन वेढे, एक गाठ. मग गाडगं मांडीवर घेतलं.

“त्या इंग्रजाकडं पेरतेत का हे?”

“पूर्वी लय पेरायचे. आता फार थोडं.”

“का?”

“कापूस आला, यंत्रं आली. दांडे कुजवत कोण बसतंय?”

दादा हसला. वहिनी म्हणाली, वास तरी किती येतो. आत्या हसली नाही. तिच्या कपाळाला आठी पडली. पेरणीच्या दिवशी कप्पा रिकामा निघाला तेव्हा पडली होती तशीच, काळजीची. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “मंग त्यांला म्हनावं, बी मोडलं असंल तर लाजू नका, चिपटंभर घिऊन जा माझ्याकून, पर मशिनीनं पेरू नका.”